दुर्बिणीच्या खोलीबाहेरचा बाक

४ मार्च

ताई,

सोबत बाबांच्या रिपोर्टची झेरॉक्स आहे. आधी पत्र वाच आणि मग ती बघ असं लिहिणार होते, पण तू आधी तीच उघडली असशील. बघितलीस ना? मग आता शांतपणे माझं ऐक.

फोन करता आला असता. पण फोन बाहेरच्या खोलीत, तिथे माझ्या पाळणाघरातली पोरं, आणि पोरांच्या मधोमध मोडक्या मोटारींना चाकं बसवत बाबा. ज्या माणसाने जन्मभर लिफ्टचा आवाज ऐकून बिघाड ओळखला, त्याला माझा आवाज कळणार नाही होय? शिवाय फोनवर तू डॉक्टरीणबाईंच्या आवाजात बोलतेस, मी नुसती ‘हो, हो’ करते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की आपल्याला ओ की ठो कळलेलं नाही. तेव्हा लिहून कळव.

तर झालं असं. थंडीपासून बाबांची जळजळ चालू आहे हे तुला माहीत आहे. तूच मागे लागलीस म्हणून दुर्बीण घालून पोट तपासून घेतलं. तपासणारे डॉक्टर म्हणाले, “जठराच्या खालच्या टोकाला थोडी लाली आहे, सूज असेल. तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतो, पद्धत म्हणून.” मी निर्धास्त घरी आले. काल रिपोर्ट आणायला गेले तर ते डॉक्टर बदली होऊन गेलेले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि मग ते माझ्याकडे बघायचंच टाळायला लागले. कर्करोग. त्यांनी एका सर्जनचं नाव लिहून दिलं. जठराचा बराचसा भाग काढावा लागेल म्हणाले.

मी बाबांना अल्सर सांगितलंय. ओरडू नकोस. ते बाहेर उभे होते, मी दारातून बाहेर पडले, त्यांनी “काय?” म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडातून तेवढंच बाहेर आलं.

रिपोर्ट चुकतो का गं कधी? तू इतकी वर्षं हेच काम करतेस. बाबा व्यवस्थित जेवतात, पोरांना पाठीवर घेऊन घोडा घोडा करतात, वजन तसूभरही उतरलेलं नाही. असा असतो का कर्करोग?

आणि तू येणार आहेस की नाही तेही लिही.

बारकी


११ मार्च

बारके,

ओरडत नाही. पण बाबांना खरं सांग. शरीर त्यांचं आहे, आणि तू खोटं बोलायला लागलीस की तुझे कान लाल होतात हे त्यांना आपल्या लहानपणापासून माहीत आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. डॉक्टरीणबाईंचा आवाज लागला तर सोसून घे.

आजार तीन वाटांनी कळतो. एक म्हणजे लक्षणं. जळजळ होते, भूक लागत नाही, घास अडकतो, हे रोगी सांगतो तेव्हाच आपल्याला कळतं, दुसऱ्या कुणाला ते दिसत नाही. दुसरी वाट खुणांची. ताप मोजता येतो, गाठ हाताला लागते, दुर्बिणीत लाली दिसते. तिसरी म्हणजे तपासण्या. तिन्ही एकच सांगत असतील तर निदान पक्कं. बाबांच्या बाबतीत लक्षणं साधी, खुणा साध्या, आणि तपासणी एकदम भयंकर. मला हे खटकतंय. पण ताई म्हणते रिपोर्ट खोटा, असा अर्थ काढू नकोस. सुरुवातीला कर्करोग गुपचूप बसून असतो, त्रास देत नाही, म्हणून तर आपण तपासण्या करतो.

आणि हो, तपासणी चुकते. दोन तऱ्हांनी चुकते. रोग नसताना आहे म्हणते, नाहीतर असताना नाही म्हणते. पहिल्या चुकीत माणूस उगाच घाबरतो. दुसऱ्या चुकीत तो उगाच निर्धास्त राहतो, आणि मला विचारशील तर ती जास्त वाईट.

तू एवढंच कर. तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवतात तो ठोकळा, आणि त्यातून कागदाहून पातळ काप काढून ज्या काचेवर रंगवतात ती काच, दोन्ही दवाखान्यातून मागून घे आणि मला पाठव. मागितलं की देतात. मी स्वतः बघणार नाही. आपल्या माणसाची काच आमच्यात कुणी बघत नाही. डोळा एकतर घाबरतो, नाहीतर लाडात येतो. आमच्या मोठ्या सरांना देईन, कुणाची आहे ते न सांगता.

येण्याचं म्हणशील तर इथे आमच्यातल्या दोघी रजेवर आहेत. ऑपरेशनची तारीख ठरली की येते.

ताई


२० मार्च

ताई,

ठोकळा आणि काच आजच पाठवली. खिडकीतल्या माणसाला बाबांचा तुकडा परत हवाय म्हटलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी तो घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवणार आहे. चार सह्या घेतल्या. एवढासा मेणाचा ठोकळा, त्यात ठिपक्याएवढं काहीतरी. पिशवीत घालून आणताना मला उगीचच वाटलं की हळू चालावं.

बाबांना खरं सांगायची वेळच आली नाही. त्यांना घेऊन सर्जनकडे गेले. दारावर ही मोठ्ठी पाटी, ‘कर्करोग शस्त्रक्रिया विभाग’. बाबांना वाचता येतं हे मी विसरलेच होते! त्यांनी पाटी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली, आणि म्हणाले, “अल्सरचा बराच थाट असतो की.” मला रडूच फुटलं. तर मलाच पाणी आणून दिलं.

आता त्यांना तुझ्याकडून शब्दांचे अर्थ हवे आहेत. रिपोर्टाची झेरॉक्स उशीखाली घेऊन झोपतात. साधी गाठ आणि मारक गाठ यांत नक्की फरक काय? जुनाट म्हणजे जास्त वाईट का? आणि मुख्य म्हणजे, बिघाडाची जागा कळली, पण कारण काय? “कारण न शोधता सुटा भाग बदलणारा मेकॅनिक मी कधी ठेवला नसता,” म्हणतात. नीट लिही, माझ्या समजुतीसारखं नको, त्यांच्या.

घरात सध्या आणखी एक ताप आहे. बेकरीवाले. दुर्बिणीच्या खोलीबाहेर बाकावर बाबांची त्यांच्याशी ओळख झाली, दोघांची तपासणी एकाच दिवशी. त्यांचा रिपोर्ट स्वच्छ आला. त्या आनंदात त्यांनी सगळ्या गल्लीला केक वाटला म्हणे. आता रोज दुपारी आमच्याकडे हजर, हातात गरम पावाची लादी, चेहऱ्यावर आमच्याविषयीची कणव. माणूस वाईट नाही गं, पण मला त्यांच्या चांगल्या रिपोर्टचा राग येतो. आणि वर स्वतःचीच रड. स्वतःच्या हातचा पाव चहात भिजवून भिजवून त्याचा लगदा करतात, छातीवर हात ठेवून म्हणतात, “घास इथे थांबतो हो.” त्यांच्या बायकोने परवा माझ्यासमोर झापलं, “रिपोर्ट कोरा आला तरी यांचं नाटक काही संपत नाही!” नव्या डॉक्टरांनीही त्यांना पित्ताच्या गोळ्या देऊन मन रमवायला सांगितलंय. बघ ना, ज्याला खरोखर काही झालंय तो घोडा होऊन पोरांना फिरवतोय, आणि ज्याला काही नाही तो उसासे टाकतोय.

बारकी


२ एप्रिल

बारके,

पार्सल पोचलं. काच मोठ्या सरांकडे दिली आहे. अजून काही सांगता येत नाही.

बाबांना वाचून दाखव: साधी गाठ आपल्या जागी वाढते. शेजारच्याला ढकलते, पण त्याच्या घरात शिरत नाही. मारक गाठ शेजारी शिरते आणि रक्तातून दूरही जाऊन बसते. जुनाट याचा अर्थ वाईट असा नाही, फक्त रेंगाळलेलं. अचानक येऊन जोर करतं त्याला आम्ही तीव्र म्हणतो, मग ते साधं पडसं का असेना. जुनाट सूज आयुष्यभर निमूट राहू शकते, आणि तीव्र दुखणं एका दिवसात निघूनही जातं. कारणाविषयी मात्र बाबा रागावतील. पुष्कळ रोगांचं कारण आम्हाला ठाऊक नसतं. जागा ठाऊक असते, प्रकार ठाऊक असतो, पुढे काय होईल याचा अंदाजही बांधतो, आणि कारणापाशी येऊन हात वर करतो.

बेकरीवाल्यांवर चिडू नकोस. पाव घेऊन येणारं माणूस आहे.

ताई


१० एप्रिल

ताई,

ऑपरेशनची तारीख ठरली. अठ्ठावीस.

तू रविवारी फोन केलास, बाबांशी बोललीस, माझ्याशी बोललीस, तिकडच्या उकाड्याविषयी बोललीस. काचेबद्दल चकार शब्द नाही. ‘अजून काही सांगता येत नाही’ असं लिहिलंस तेव्हा मला वाटलं, म्हणजे सरांनाही शंका आहे, म्हणजे काहीतरी चुकलं असणार. दोन-चार दिवस मी त्या आशेवर काढले. पोरांची डोकी विंचरताना गाणीसुद्धा म्हटली. रविवारी तुझा आवाज ऐकला आणि कळलं. तुझे कान लाल होत नाहीत, पण तू हवापाण्यावर बोलायला लागलीस की काय समजायचं ते मला समजतं.

सरांनी काय सांगितलं? मी लहान नाही. घर मी चालवते, बाबांना दवाखान्यात मी नेते, सर्जनसमोर मान मी डोलावते. तू तिथे बसून ठरवतेस की मला किती झेपेल. मला खूप राग आला आहे तुझा, आणि तो लिहूनच कळवायचा होता.

बारकी


१४ एप्रिल

बारके,

हे पत्र पोचेपर्यंत मी तुला फोन केलेला असेल आणि एकच सांगितलं असेल, ऑपरेशनला हो म्हणू नका. बाकीचं फोनवर तुला धड कळणार नाही, म्हणून लिहिते.

आधी तुझा राग. तो बरोबर आहे. सरांनी काच बघितली त्याच दिवशी सांगितलं, कर्करोगच आहे, शंकेला जागा नाही. मी बाहेर येऊन हात धुण्याच्या बेसिनपाशी उभी राहिले आणि रडले. तुला सांगायचं धाडस झालं नाही. तू आशा लावून बसशील हे मला कळायला हवं होतं. चुकलंच माझं.

तुझं पत्र आलं तेव्हा मला स्वतःचीच इतकी चीड आली की, नियम गेला खड्ड्यात म्हटलं, आणि काच स्वतः लावली. सर म्हणाले ते बरोबर होतं. कर्करोगाच्या पेशी ढळढळीत दिसत होत्या. मी काच सरकवत सरकवत तुकड्याच्या कडेला गेले. कडेला थोडं निरोगी अस्तर होतं, चपट्या पेशींचं, थरांवर थर. बारके, असं अस्तर जठराच्या खालच्या टोकाला नसतं. असं अस्तर अन्ननलिकेचं असतं, जठराच्या वर, जिथून घास खाली उतरतो तिथलं. बाबांचा तुकडा खालच्या टोकाचा घेतला, असं डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय. सरांना मी फक्त काच दिली होती, तुकडा कुठला हे सांगितलंच नव्हतं, म्हणून त्यांना खटकायचं कारण नव्हतं. मी पुन्हा त्यांना नेऊन दाखवलं. ते खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हा माणूस वेगळा आहे.”

तपासणी चुकलेली नाही. तपासणी अगदी बरोबर आहे, फक्त ती बाबांची नाही.

बाबांना विचार, त्या दिवशी त्यांच्या आधी आणि नंतर आत कोण गेलं. कारण बाबांचा तुकडाही कुणाच्या तरी नावाने तपासला गेला असणार, आणि त्या माणसाला काही नाही असं सांगून घरी पाठवलेलं असणार.

ताई


१९ एप्रिल

ताई,

तुला फोनवर कळलंच आहे, तरी लिहिते. लिहिल्याशिवाय माझं डोकं ठिकाणावर येणार नाही.

तुझं पत्र वाचून संपलं आणि मी आधी हसले. मोठ्याने. पोरं घाबरली. बाबांना मिठी मारली, त्यांच्या हातात फेव्हिकॉल होता, तो माझ्या केसांना लागला. तेवढी पाच मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. मग तुझा प्रश्न त्यांना विचारला.

बाबा म्हणाले, “आधी माझाच नंबर होता. पण मी बेकरीवाल्यांना पुढे जाऊ दिलं.”

“म्हणजे?”

“अगं, ते सारखे घड्याळ बघत होते. भट्टी पेटवून आलोय, बायको एकटी आहे, पाव जळतील, असं चाललेलं. मी म्हटलं, जा हो तुम्ही, माझी कुठली लिफ्ट अडकलीये? आत नुसता नंबर पुकारत होते. माझा पुकारल्यावर ते गेले, त्यांचा पुकारल्यावर मी.”

“आत नाव विचारलं नाही?”

“डॉक्टरांनी विचारलं की. विचारून कागद लिहिला. तुकडे घालायच्या बाटल्या मात्र सिस्टरबाईंकडे होत्या, ट्रेमध्ये ओळीने लावलेल्या. सकाळीच सगळ्यांची नावं घालून ठेवलेल्या, आमच्या नंबराप्रमाणे. मला ती पद्धत आवडली होती. नेटकं काम वाटलं.”

हे शेवटचं वाक्य बोलले आणि फेव्हिकॉल खाली ठेवला. आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं, ताई. बाहेर दुपारची वेळ, पोरं खेळण्यांत दंग, आणि तेवढ्यात दार वाजलं. बेकरीवाले. हातात लादी. “आज भूक कशी आहे आमच्या पेशंटची?” म्हणत आत आले. नेहमीच्या खुर्चीत बसले. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. सदरा गळ्यापाशी केवढा सैल झालाय. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय. चहा दिला तर दोन घोट घेऊन थांबले, छातीवर हात ठेवला, आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसले, म्हणजे मी पुन्हा कंटाळू नये म्हणून.

मी त्याला स्वतःचीच रड म्हटलं होतं. तुला लिहिलं होतं, कागदावर. मला माझीच लाज वाटते आहे.

बाबा त्या दिवशी त्यांना काही बोलले नाहीत. कसं बोलायचं ते कळलं नसावं. पाव मात्र घेतला नाही. “आज नको” म्हणाले. त्याचंही बेकरीवाल्यांना वाईट वाटलं.

आता काय करायचं, लवकर सांग.

बारकी


२३ एप्रिल

बारके,

दवाखान्याच्या प्रमुखांशी दोनदा बोलले, पत्रही पाठवलं, सरांची सही घेऊन, सोबत तो ठोकळा आणि काच. आधी ते ऐकूनच घेईनात, मग अस्तराचं सांगितल्यावर एकदम हळू बोलायला लागले. बाबांचं ऑपरेशन त्यांनी रद्द केलं आहे. दोघांच्या ठोकळ्यांची तुलना करून खात्री करतील, मग दोघांनाही पुन्हा तपासणीला बोलावतील. ‘योग्य त्या वेळी कळवू’ म्हणाले. मी रोज फोन करते आहे.

तोपर्यंत बेकरीवाल्यांना काही सांगू नका. मला जवळजवळ खात्री आहे, पण जवळजवळच. त्या दिवशी त्या ट्रेमध्ये आणखीही बाटल्या होत्या. एकदा चुकीचं सांगून झालंय, दुसऱ्यांदा चुकीचं सांगितलं तर ते माणूस कुणावर विश्वास ठेवेल? बाबांना समजाव.

ताई


२७ एप्रिल

थोरलीस आशीर्वाद.

बारकी म्हणाली तू सांगू नका म्हणतेस. मी सांगितलं. तुझं ऐकलं नाही, याबद्दल काय रागवायचं ते रागव.

आमच्या कामात एक पद्धत होती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आधी आतल्या माणसाला हाक मारून सांगायचं, तुम्ही अडकला आहात हे आम्हाला कळलंय. बिघाड नंतर शोधायचा. बिघाड सापडेपर्यंत त्याला अंधारात ठेवायचं नाही. तुमच्या कामात वेगळं असेल. पण मी माझं काम केलं.

परवा दुपारी बेकरीत गेलो. त्या वेळी गिऱ्हाईक कमी असतं. काकू गल्ल्यावर बसून बिस्किटांच्या पुड्या बांधत होत्या. बेकरीवाले आत स्टुलावर, पीठ मळायच्या परातीला टेकून. पूर्वी दोन्ही परातींचं पीठ स्वतः मळायचे, आता माणूस ठेवलाय. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाकावरून सुरुवात केली. नंबर, बाटल्या, तुझी काच, चपट्या पेशी. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. खात्री अजून व्हायची आहे हेही सांगितलं, तुझ्यासाठी.

त्यांनी ऐकून घेतलं. उठले, कपाटातून आपला दुर्बिणीचा कागद काढला. बदलून गेलेल्या डॉक्टरांनी त्यावर लिहिलंय, वरच्या टोकाला खडबडीत जागा, तुकडा घेतला. हे कुणी वाचलंच नव्हतं. नव्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेचा कोरा रिपोर्ट बघितला आणि कागद मिटून टाकला. यांनीही मिटून टाकला.

कागद वाचून झाल्यावर मला वाटलं आता हे खाली बसतील, नाहीतर माझ्यावर ओरडतील. मी त्याचीच तयारी करून गेलो होतो. तसं काही झालं नाही. ते बायकोकडे वळले आणि म्हणाले, “बघ, मी सोंग करत नव्हतो.”

असं म्हणताना त्यांचा चेहरा, बाळे, मी कसा लिहू? सुटल्यासारखा होता. एवढं मोठं दुखणं पदरात पडलं, आणि माणसाला पहिल्यांदा काय वाटलं, तर आता आपल्याला कुणी खोटारडं म्हणणार नाही. काकूंच्या हातातली पुडी सुटून बिस्किटं खाली सांडली. त्या वेचायला बसल्या त्या उठेचनात. यांनीच हात धरून उठवलं.

मी म्हटलं, मी तुम्हाला पुढे जाऊ दिलं नसतं तर हे झालं नसतं. ते म्हणाले, मी घाई केली नसती तर तुमच्यावर ही पाळी आली नसती. दोघंही आपलंच चुकलं म्हणून भांडत बसलो. शेवटी काकूच म्हणाल्या, “आता पुरे. पुढचं बोला.”

आणि आता तुला खरं सांगतो. तुझं पत्र आलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. मला जगायचं आहे, अजून पुष्कळ. तो आनंद कुठे टाकून द्यावा ते मला कळत नाही. त्या माणसासमोर तो अंगावर घेऊन बसणं जमत नाही, आणि घरी आलो की बारकीच्या तोंडाकडे बघून लपवताही येत नाही.

काल दवाखान्यातून दोघांनाही बोलावणं आलं. तू म्हणत होतीस तसंच निघालं. माझ्या नावावर आता जुनाट सूज आहे आणि गोळ्या आहेत. त्यांच्या नावावर ते आहे.

त्यांचा तुला एक प्रश्न आहे. मधे जे दोन महिने गेले, त्याने काही फरक पडला का? मी म्हटलं, लेकीला विचारतो. ते म्हणाले, “खरं सांगायला सांगा. बरं आहे, बरं आहे, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय.” त्यांना वाचताना आता धाप लागते, म्हणून मी वाचून दाखवणार आहे. त्या हिशेबाने लिही.

बाबा


२ मे

बाबा, हे त्यांच्यासाठी आहे. वाचताना एक ओळही गाळू नका. तुम्ही गाळाल हे मला माहीत आहे, म्हणून बारकीला शेजारी बसवा.

काका,

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या शरीराचा एक कण काचेवर बघितला आहे, आणि तो माझ्या वडिलांचा आहे असं समजून त्याच्यासाठी रडले आहे. आज मी तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि तेवढ्याच जिवापासून लिहिते आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो. फरक पडला असेल. मार्चमध्ये तुमचा घास चहात भिजवला की उतरत होता, आता दोन घोट चहाही थांबतो, त्याअर्थी तो रोग तेवढ्या काळात थांबून राहिलेला नाही. किती पसरला, की अजून आपल्या जागीच आहे, हे पुढच्या तपासण्या झाल्यावर कळेल. जागीच असेल तर ऑपरेशन करता येतं आणि माणसं पुढे चांगली जगतात. पसरला असेल तर औषधांनी त्याला रोखता येतं, वेळ मिळतो, पण तो पुरता जात नाही. तुमचं यातलं कुठलं आहे ते मला ठाऊक नाही. कुणी आजच छातीठोकपणे सांगू लागलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो चांगलं सांगो की वाईट.

दोष तुमचा नाही आणि बाबांचाही नाही. कुणी कुणाला पुढे जाऊ दिलं एवढ्याने माणसाचं आयुष्य बदलावं, असा दवाखाना असता कामा नये. बाटलीवर नाव तुकडा टाकताना घालायचं असतं, माणसाला विचारून. ते आधीच घालून ठेवलं होतं. हे मी त्यांना लेखी कळवलं आहे, आणि ती पद्धत बंद झाली आहे हे लेखी उत्तर येईपर्यंत मी त्यांना सोडणार नाही.

पण खरी चूक त्याच्यानंतर झाली. घास अडकतो हे तुम्ही नव्या डॉक्टरांना सांगितलंत, घरी सांगितलंत, माझ्या बहिणीला सांगितलंत. लक्षण रोग्याच्या तोंडूनच कळतं, दुसरा मार्गच नसतो. आणि आम्ही सगळ्यांनी तुमच्यापेक्षा एका कोऱ्या कागदावर जास्त विश्वास ठेवला. बहिणीने मला हे लिहून कळवलं होतं, काका. तुमच्या छातीवरच्या हातासकट. मी डॉक्टर आहे, मी ते वाचलं, आणि पाव घेऊन येणारं माणूस आहे, चिडू नकोस, एवढंच उत्तर पाठवलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यातले काही आठवडे माझेही आहेत. माफी मागून ते परत येत नाहीत, तरी मागते.

मी शनिवारी पोचते आहे. सोमवारी सर्जनकडे मी तुमच्याबरोबर असेन, काकूही असू देत. आत गेल्यावर ते आधी फाईल मागतील. फाईल मी देईन, पण लगेच नाही. आधी तुम्ही बोलायचं. पहिला घास कधी अडकला, कशाचा अडकला, आता काय उतरतं, काय नाही, दुखतं कुठे, सगळं. धाप लागली तर थांबून बोला. ते मध्येच कागद उघडायला लागले तर त्यांना थांबवायला मी बसलेली आहे.

थोरली